सार्डिनियातली दगडफुलं: कोणती, कुठे आणि का तिथेच?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालं आहे, महाबळेश्वर-आंबोलीकडची शैवाकं (लायकेन, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांची एकत्र नांदणारी जोडी; दगडफूल त्यातलंच) बऱ्यापैकी ओळखता येतात, आता फेब्रुवारी ते एप्रिल इटलीच्या सार्डिनिया बेटावर मुक्काम आहे. तिथल्या प्रजातींची यादी मिळेल का, त्या कुठे बघाव्यात, आणि आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल तिथे उगवतं का?

यादी मी देत नाही, कारण ती तयारच आहे. पिएर लुइजी निमिस आणि योझेफ पोल्ट यांनी १९८७ साली सार्डिनियाच्या शैवाकांवर मोठं काम प्रसिद्ध केलं. १९९३ मध्ये निमिस यांनी साऱ्या इटलीची सूची काढली, आणि आता त्रिएस्ते विद्यापीठाच्या ‘इटालिक’ या संकेतस्थळावर प्रत्येक प्रजातीचं वर्णन, वितरण, उंची, आधार (म्हणजे ती कशावर वाढते) आणि फोटो फुकट बघायला मिळतात. अख्ख्या इटलीत सुमारे २७०० प्रजाती आहेत. त्यातल्या सार्डिनियाच्या पाठ करून गेलात तरी पहिल्या कड्यापाशीच गोंधळ उडेल. तिथे गेल्यावर प्रत्येक ठिपक्याला दोनच गोष्टी विचारायच्या. तू कशावर बसलायस, आणि तुला पाणी कुठून मिळतं? नाव त्यानंतर. या दोन उत्तरांनी निम्म्याहून जास्त यादी आपोआप गळते.

आधी पाण्याचं सांगते, कारण आपल्याकडच्या सवयीचा डोळा तिथे फसतो. आपला पाऊस ऊबदार दिवसांत पडतो. ओलं शैवाक आणि गरम रात्र हा वाईट योग, कारण दिवसा कमावलेलं अन्न रात्री श्वसनात उडून जातं. म्हणून कोकणात खाली झाडांच्या सालीवर चिकटलेली पापुद्र्यासारखी शैवाकं भरपूर, पण पसरट पानांची मोठी शैवाकं हवीत तर घाट चढून थंड हवेत जावं लागतं. सार्डिनियात उलट. पाऊस ऑक्टोबर ते एप्रिल, म्हणजे गारव्यात, आणि उन्हाळा ठणठणीत कोरडा. वाळलेलं शैवाक कडक ऊन निमूट सोसतं, त्याचं काही बिघडत नाही. त्यामुळे समुद्रसपाटीलाही फांद्याफांद्यांची, पानापानांची शैवाकं दिसतात. तुमचा फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ अगदी नेमका आहे. जुलैत गेला असतात तर हात लावताच चुरा झाला असता.

दुसरी गोष्ट जोडीदाराची. शैवाकातला सोबती हिरवं शैवाल असेल, तर बरेचदा नुसत्या दमट हवेतली ओल शोषूनही त्याचं प्रकाशसंश्लेषण सुरू होतं. सोबती सायनोबॅक्टेरिया (प्रकाशसंश्लेषण करणारे जीवाणू) असेल, तर दमट हवेवर भागत नाही, प्रत्यक्ष पाणी लागतं. जर्मन शास्त्रज्ञ ओटो लांगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात हे मोजून दाखवलं. सार्डिनियातल्या एकाच कड्यावर हा फरक डोळ्यांनी दिसतो. जिथे पावसाचा थेंब कधी पोचत नाही त्या पुढे झुकलेल्या भागाखाली हिरव्या शैवालाचं राज्य, आणि जिथे पाणी झिरपत ओघळतं त्या पट्ट्यांवर काळी, भिजल्यावर जेलीसारखी फुगणारी सायनोबॅक्टेरियावाली मंडळी.

आता किनारा. इथे मी तुम्हाला सर्वांत जास्त वेळ द्यायला सांगेन. आल्गेरो गावाजवळचं कापो काच्चा हे चुनखडीचं उंच टोक गाठा. वायव्येकडून येणारा माएस्त्राले वारा तिथे समुद्राची ओल आणि मीठ घेऊन कड्यावर आदळत असतो. अगदी खाली, लाटांच्या रेषेत, डांबर सांडल्यासारखा काळा पट्टा दिसेल. तो बहुतेक हायड्रोपंक्टेरिया आणि त्याच्या गोतावळ्यातली समुद्री शैवाकं. अटलांटिकच्या किनाऱ्यांवर हाच पट्टा चांगला रुंद असतो. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी नावापुरती, म्हणून इथे तो अरुंद राहतो. त्याच्या वर तुषार पोचतात तिथे नारिंगी शैवाकं. आणि त्याही वर, सावलीच्या, पावसापासून आडोसा असलेल्या उभ्या भिंतीवर, रोसेला फायकोप्सिस. राखाडी-निळसर, बोटभर किंवा त्याहून आखूड, गोलसर फांद्यांचे झुबके, अंगावर पिठुळ ठिपके. एका फांदीवर ब्लीचिंग द्रावणाचा थेंब टाका, लाल रंग फुटेल. हा रंगच या शैवाकाचा इतिहास आहे. रोसेला कुटून अमोनियाच्या पाण्यात (जुन्या काळी मुरलेल्या मूत्रात) आठवडेच्या आठवडे हवा देत भिजवलं की जांभळा रंग तयार होतो. समुद्री गोगलगाईंपासून मिळणारा खरा जांभळा रंग राजेरजवाड्यांनाच परवडायचा, त्याची ही स्वस्त आवृत्ती. क्रीट बेटावर किनाऱ्याच्या खडकांवर वाढणाऱ्या आणि लोकर रंगवायला वापरल्या जाणाऱ्या एका ‘समुद्री वनस्पती’बद्दल प्राचीन ग्रीक अभ्यासक थिओफ्रास्टसने लिहून ठेवलं आहे, ती रोसेलाच असावी असं मानतात. फ्लॉरेन्सचं रुचेल्लाई घराणं याच रंगाच्या धंद्यात गब्बर झालं. शाळेत आम्ल-अल्क ओळखायला वापरलेला लिटमसही याच कुळाकडून मिळायचा. थेंबाची चाचणी एकाच तुकड्यावर करा आणि बाकीचा झुबका तसाच सोडा. हे शैवाक फार सावकाश वाढतं.

रोसेलाच्या शेजारीच भिंतीला चुना फासल्यासारखा पांढरट, जाड पापुद्रा दिसेल. तो डिरिना मासिलिएन्सिस. त्यावर नख ओढा. ओरखडा पिवळट-नारिंगी निघतो. आतलं शैवाल ट्रेंटेपोहलिया आहे. जातीने हिरवं, पण नारिंगी रंगद्रव्यांनी भरलेलं. आणि इथे तुम्हाला एकदम घरच्यासारखं वाटायला हवं, कारण पावसाळ्यात कोकणातल्या चिऱ्याच्या गडग्यांवर आणि माडाच्या खोडांवर जो केशरी मखमली थर चढतो तो याच ट्रेंटेपोहलियाचा. उष्ण प्रदेशातल्या आपल्या ग्राफिस, पायरेन्युला वगैरे सालीवरच्या शैवाकांचा सोबतीही बहुतेक तोच. भूमध्य प्रदेशात या शैवालाला मानवेल अशी कायम दमट, सावलीची, ऊबदार जागा म्हणजे असे किनाऱ्याचे कडे. म्हणजे सार्डिनियाचा हा एक कोपरा कोकणाला सर्वांत जवळचा. डिरिना मात्र चित्रं जपणाऱ्यांचं डोकं उठवतं. इटलीतल्या जुन्या वास्तूंच्या भित्तिचित्रांवर ते पसरतं, ऑक्सॅलिक आम्ल सोडून खालच्या चुन्याचं कॅल्शियम ऑक्सॅलेट करतं. काप्रारोला इथल्या फार्नेझे प्रासादाची चित्रं याचं ठळक उदाहरण.

किनाऱ्यावरच, पण खडकाऐवजी वाळूच्या टेकड्यांवरच्या जुन्या जुनिपरांकडे (सूचिपर्णी झुडपांकडे) वळलात तर फांद्यांवर सेइरोफोरा व्हिल्लोसा शोधा. राखाडी, पट्ट्यांसारख्या फांद्या आणि भिंगाखाली दिसणारी बारीक लव. हे सगळीकडे मिळत नाही. समुद्राजवळचं, जुनं, न तोडलेलं जुनिपर लागतं, आणि अशा जागा पर्यटनापायी झपाट्याने आक्रसल्या आहेत. सापडलं तर फक्त फोटो काढा.

चुनखडीच्या आतल्या भागात, म्हणजे सुप्रामोन्तेचे डोंगर आणि गोरोप्पूची घळ, इथे लांबून खडक पांढरा स्वच्छ दिसतो. स्वच्छ काही नसतो. ओलं बोट घासा, खडकाला हिरवी झाक येईल. बाग्लिएत्तोआ नावाची शैवाकं दगडाच्या पृष्ठभागाखाली, दगड विरघळवत वाढतात. वर दिसतात ती फक्त टाचणीच्या टोकाएवढी काळी फळं, आणि ती गळून पडल्यावर उरलेले खळगे. दहापट भिंगातून बघितलं की सगळा दगड सुईने टोचल्यासारखा दिसतो. बाग्लिएत्तोआ मार्मोरिया तर खडकाला गुलाबी-जांभळी छटा देतं, नवख्याला ते खनिज वाटतं. बाग्लिएत्तोआ हे वंशाचं (जीनसचं) नाव इटालियन शैवाक-अभ्यासक फ्रांचेस्को बाग्लिएत्तो यांच्यावरून, आणि योगायोग असा की १८७९ मध्ये याच बाग्लिएत्तोंनी सार्डिनियातून गोळा केलेल्या शैवाकांवर लेख प्रसिद्ध केला. वरच्या थरात बघायची ती व्हॅरिओस्पोरा ऑरांशिया (अंड्याच्या बलकाचा रंग, कडेला चपटे, दगडाला घट्ट चिकटलेले पाकळे), खडूसारखं पांढरं सर्सिनारिया कॅल्केरिया आणि तपकिरी-काळं व्हेरुकारिया निग्रेसेन्स. जुन्या पुस्तकांत व्हॅरिओस्पोरा तुम्हाला कॅलोप्लाका म्हणून सापडेल. २०१३ साली डीएनएच्या आधारे कॅलोप्लाकाचे बरेच तुकडे पडले. शास्त्र म्हणून ते बरोबरच आहे, पण माझ्या पिढीचे लोक अजून रानात कॅलोप्लाकाच म्हणतात आणि म्हणत राहतील.

खडक चुन्याचा की नाही याबद्दल शंका आली तर लिंबाचा रस टाका आणि भिंगातून बुडबुडे येतात का बघा. ही चाचणी सर्वांत रंजक ठरते ती उत्तरेकडच्या गाल्लुरा भागात, खेड्यांतल्या जुन्या भिंतींवर. दगड ग्रॅनाइटचा, सांधे चुन्याचे. दगडावर राखाडी-तपकिरी, आम्ल खडक आवडणारी झँथोपार्मेलिया आणि लेसिडिया. बोटभर अंतरावर सांध्यात मात्र चुनखडीवरचं सगळं नारिंगी-पांढरं कुटुंब. भिंतीवर दगडांचा नकाशा रंगवल्यासारखा दिसतो. दोन्हींना पाऊस, ऊन, वारा सारखाच, फरक फक्त आधाराचा. विद्यार्थ्यांना आधार म्हणजे काय हे शिकवायला यापेक्षा चांगला फळा मला माहीत नाही.

मोकळ्या ग्रॅनाइटवर मी फार रेंगाळणार नाही. कापो तेस्ता आणि मादालेना द्वीपसमूहात वाऱ्याने-मिठाने पोखरलेल्या खडकांच्या गुहा आहेत, त्यांना ताफोनी म्हणतात. बाहेरच्या उघड्या पाठीवर झँथोपार्मेलिया, आत छताला पाऊस न लागणारी पिठासारखी शैवाकं, पुन्हा तोच पाण्याचा नियम. मोन्ते लिंबारा (सुमारे १३६० मीटर) चढलात तर वर रायझोकार्पन जिओग्राफिकम दिसेल, पिवळ्या-हिरव्या तुकड्यांमध्ये काळ्या सीमारेषा. आणि पाणी ओघळणाऱ्या उभ्या ग्रॅनाइटवर लासालिया पुस्टुलाटा. तळहाताएवढी एकच चकती, मध्यभागी एकाच देठाने चिकटलेली, वरून फोडफोड आलेली. ओली असताना चामड्यासारखी लवते, कोरडी असताना कडकन मोडते.

बेसॉल्ट मात्र तुम्ही सोडू नका, सह्याद्री बघितलेल्या माणसाने तर नाहीच. मध्य सार्डिनियात आब्बासान्ताचं पठार बेसॉल्टचं आहे आणि तिथे नुराघे लोसा उभा आहे. नुराघे म्हणजे कांस्ययुगातले, चुना-मातीशिवाय नुसते दगडावर दगड रचून बांधलेले बुरूज. बेटावर असे सुमारे ७००० आहेत. बारुमिनी गावचा सू नुराक्सी १९९७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. साडेतीन हजार वर्षं हे दगड एकाच जागी, एकाच दिशेला तोंड करून बसले आहेत, म्हणून शैवाकांसाठी ते मांडून ठेवलेल्या प्रयोगासारखे आहेत. बुरुजाभोवती एक फेरी मारा. माथ्यावर, पक्षी बसतात तिथे, विष्ठेतल्या नायट्रोजनवर पोसलेली नारिंगी-पिवळी झँथोरिया. उत्तरेच्या दमट बाजूला राखाडी, पानासारखी, मॉसमध्ये मिसळलेली गर्दी. दक्षिणेच्या तापणाऱ्या बाजूला दगडाला घट्ट चिकटलेले पापुद्रे. नारिंगीवर कॉस्टिक पोटॅशचा थेंब टाकायचा मोह होईल, तो जांभळट लाल होतो, पण स्मारकाच्या दगडावर कुठलंही रसायन टाकू नका. हीच झँथोरिया पार्किंगच्या कडेच्या झाडावर मिळते, तिथे टाका.

नुराघेवरची शैवाकं घासून काढावीत का, हा वाद तिथे आणि इतरत्रही चालू असतो. माझं मत विचाराल तर बेसॉल्टवर बहुतांशी राहू द्यावीत. काही शैवाकं दगड पोखरतात हे खरं, पण काही पापुद्रे पाऊस आणि मीठ अडवून दगडाचं संरक्षणही करतात. घासलेल्या जागी पुन्हा येतात त्या भरभर वाढणाऱ्या, धूळ-नायट्रोजन आवडणाऱ्या प्रजाती. डिरिनाच्या विळख्यातल्या भित्तिचित्राचा न्याय इथे लावता येत नाही. आपल्या किल्ल्यांच्या बुरुजांवर तारेचे ब्रश चालतात ते बघितलं की मला हाच वाद आठवतो.

झाडांकडे येऊ. सार्डिनियाचं खास झाड कॉर्क ओक. बाटलीच्या बुचासाठी त्याची साल नऊ-दहा वर्षांनी काढतात. सोललेलं खोड लालसर, वर न सोललेल्या भागाची रेघ स्पष्ट. रेघेच्या वर जुनं जग: एव्हर्निया प्रुनास्ट्री, रामालिना, पार्मेलिना. खाली नव्याने सुरुवात. सोलणी कधी झाली हे मालकाला विचारून ठेवलंत तर कोणतं शैवाक किती वर्षांत आलं याचा अंदाज बांधता येतो, आणि तेही एकाच झाडावर. तेम्पिओ पाउसानियाच्या आसपास अशी रानं मुबलक आहेत. लुरासचे प्राचीन रानटी ऑलिव्ह बघायला जालच, पण तिथे कुंपणाबाहेरून बघा.

खरी दौलत मात्र जुन्या दमट जंगलात आहे. बोलोताना गावावरचं बादे सालिगेस किंवा जेन्नार्जेन्तूच्या उत्तर उतारांवरची ओकची रानं. इथे मॉसने झाकलेल्या खोडांवर लोबारिया पल्मोनारिया शोधा. मोठं, खोलगट जाळीदार पान, कोरडं असताना तपकिरी कागदासारखं, फवारा मारला की अर्ध्या मिनिटात गर्द हिरवं. सोबत नेफ्रोमा लेव्हिगाटम आणि लोबारिना स्क्रोबिक्युलाटा, दोन्ही सायनोबॅक्टेरियावाली, म्हणून पाणी ओघळणाऱ्या बाजूलाच. ही तिघं एका झाडावर दिसली तर ते रान बराच काळ तोडलं गेलेलं नाही असं समजायला हरकत नाही. शेजारच्या नव्या लागवडीत ती दिसत नाहीत.

जमिनीकडे बघायला विसरू नका. चुनखडीच्या माळावर, झुडपांच्या मधल्या उघड्या मातीत, पिवळं जायरोलेशिया फुल्जेन्स, विटकरी रंगाचं पांढऱ्या कडांचं सोरा डेसिपिएन्स आणि निळसर फुगीर टोनिनिया सेडिफोलिया एकत्र नांदतात. मेंढरांच्या वाटेवर ती नसतात, वाटेच्या कडेला असतात. गुडघ्यावर बसल्याशिवाय दिसणार नाहीत.

आता गोडा मसाला. हो, नातलग तिथे आहेत. आपल्या बाजारातलं दगडफूल हे एका प्रजातीचं नसतं. पार्मोट्रेमाच्या काही प्रजाती, एव्हर्निआस्ट्रम आणि मिळेल ते, असा मिश्र माल डोंगराळ भागातून येतो. त्यातलं पार्मोट्रेमा पर्लाटम सार्डिनियातही समुद्रावरून दमट वारा येणाऱ्या बाजूच्या ओकवर वाढतं. शिवाय किनाऱ्याच्या झुडपांवर त्याचा भूमध्यसागरी भाऊ पार्मोट्रेमा हायपोल्युसिनम, ज्याच्या पानाच्या खालच्या बाजूला कडेला पांढरा पट्टा असतो. तिथले लोक ते स्वयंपाकात वापरत नाहीत. तुम्हीही तिथून आणून मसाल्यात घालायचा विचार करू नका. शैवाकं हवेतले जड धातू साठवतात, आणि बेटावर जुन्या खाणी आणि कारखाने आहेत.

नेण्याचं सामान: दहापट भिंग, पाण्याचा फवारा, ड्रॉपरच्या बाटल्यांत ब्लीच आणि कॉस्टिक पोटॅश (वेगवेगळ्या पिशव्यांत, आणि विमानात नेऊ नका, तिथेच घ्या), बोथट सुरी, वर्तमानपत्राची पाकिटं. मादालेना आणि जेन्नार्जेन्तू ही संरक्षित क्षेत्रं आहेत, तिथे लेखी परवानगीशिवाय काही उचलू नका. सार्डिनियात किनाऱ्यावरची वाळू, शंख आणि गोटेसुद्धा उचलल्याबद्दल ५०० ते ३००० युरो दंड आहे आणि विमानतळावर बॅगा तपासतात. नमुने भारतात आणायचे असतील तर निघण्याआधीच दोन्हीकडची कागदपत्रं तयार ठेवा. परत आल्यावर तुलनेसाठी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतला शैवाकांचा संग्रह बघा, तिथे महाराष्ट्रातले नमुने चांगले आहेत.

पाकिटावर नाव लिहायची घाई नको. आधार कोणता (झाड असेल तर झाडाचं नाव, खडक असेल तर कोणता), तोंड कुठल्या दिशेला, पाऊस लागतो की आडोसा, जमिनीपासून किती उंच, समुद्रापासून किती आत, एवढं लिहा. इटालिकवरच्या ओळखीच्या तालिका नेमकं हेच विचारतात. एखाद्या नमुन्यापाशी अडलात तर कोरडा, ओला आणि आसपासच्या जागेचा असे तीन फोटो पाठवा. नुसत्या क्लोज-अपवरून मी प्रजाती सांगत नाही.